बस्ता बांधण्याआधी: नवरीला शोभेल असा घाट कसा निवडायचा

लग्न ठरलं की आपल्याकडे पहिली धांदल बस्त्याची. दोन्हीकडची मंडळी गाड्या भरून निघतात. लातूरची गंजगोलाई असो, नांदेडचं वजिराबाद असो की संभाजीनगरची गुलमंडी, दुकानात गादीवर बैठक बसते, चहा होतो आणि समोर साड्यांचा ढीग पडायला लागतो. आत्या रंग बघते, सासूबाई जर बघतात, वडील चिठ्ठीवरचा आकडा बघतात. ही साडी नवरीच्या अंगावर कशी उभी राहील, ती पाटावर बसल्यावर कशी दिसेल, हे मात्र कोणी बघत नाही. मग लग्नाच्या अल्बममध्ये पाच फुटांची पोर दहा इंचांच्या काठात हरवलेली दिसते, आणि दोष मात्र तिच्या अंगकाठीला दिला जातो.

नवरीचे ब्लाउज आणि घागरे शिवणं हे माझं रोजचं काम. त्यावरून ठामपणे सांगते: अंगात दोष नसतो, घाट चुकलेला असतो. घाट म्हणजे खांद्यापासून जमिनीपर्यंत कपडा अंगावर जी आकृती उभी करतो ती. कापड कसं पडतं, काठ केवढा आहे, परकर कुठे बांधला आणि ब्लाउज कसा बसला, यावर ती ठरते. आणि या सगळ्या गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

पहिलं काम: घरी माप

बस्त्याच्या आधी एखाद्या दुपारी बहिणीला किंवा वहिनीला टेप घेऊन बसवा. स्वतःचं माप स्वतः घेऊ नका, वाकलं की माप बदलतं. अनवाणी, सरळ उभं राहायचं, श्वास रोखायचा नाही. खांदा, छाती, कंबर आणि सीट (नितंबांचा घेर) ही चार मापं तर शिंपी घेतोच. त्यासोबत दोन उभी मापं घ्या, जी सहसा कोणी घेत नाही: खांद्यापासून कमरेपर्यंत, आणि कमरेपासून जमिनीपर्यंत. गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं अंतरही लिहून ठेवा, ते काठ निवडताना लागेल.

आडव्या मापांवरून एवढंच बघायचं की भरलेपणा कुठे आहे. सीट छातीपेक्षा बरीच जास्त असेल तर नजर वर, खांद्याकडे आणि गळ्याकडे न्यायची. छाती किंवा खांदे जास्त असतील तर वरचा भाग साधा आणि खालचा घेरदार. दोन्ही सारखे आणि कंबर बारीक असेल तर कंबर झाकू नका. सगळीकडे सारखंच माप असेल, कंबर वेगळी दिसत नसेल, तर कमरपट्टा आणि नीट बसलेला ब्लाउज कंबर दाखवून देतात.

पण माझ्या अनुभवात साडीत खरा फरक पडतो तो उभ्या मापांनी. धड आखूड आणि पाय लांब असतील तर परकर बेंबीच्या खाली बांधायचा आणि ब्लाउजची उंची थोडी कमी ठेवायची, म्हणजे मधली जागा वाढते. धड लांब आणि पाय आखूड असतील तर उलट करायचं: परकर कमरेच्या वर, बेंबी झाकून, आणि ब्लाउज एखादा इंच लांब. एवढ्या एका बदलाने पाहणाऱ्याला उंची वाढल्यासारखी वाटते. वजन कमी करायला उपाशी राहणाऱ्या मुलींना मी आधी हेच करायला सांगते.

मग दिवस कागदावर मांडा

हळद, साखरपुडा, सीमांतपूजन, लग्न, रिसेप्शन. प्रत्येक कार्यक्रमापुढे लिहा: बसायचं आहे की उभं राहायचं, अनवाणी की सँडल घालून, दुपारी की रात्री, लॉनवर की कार्यालयात.

हे का, तर विधींना नवरी अनवाणी असते. पाटावर मांडी घालून बसते, होमाभोवती फिरते, सप्तपदी चालते, आणि मधूनमधून वाकून पाया पडते. मांडी घालता येत नाही असा कोणताही कपडा, तो कितीही अंगासरशी आणि देखणा असला तरी, विधींसाठी बाद. रिसेप्शनला मात्र तासन् तास उभं राहायचं असतं आणि पायांत उंच टाचा असतात. म्हणजे एकाच मुलीच्या दोन उंच्या झाल्या. नेसायची साडी त्या त्या वेळी वरखाली करता येते. शिवलेल्या नऊवारीला किंवा घागऱ्याला ती सोय नसते, त्यामुळे शिवायला टाकतानाच कुठे घालायचा आहे ते ठरलेलं हवं.

आपल्याकडची लगीनसराई एप्रिल-मे महिन्यांत भरात असते. पारा चाळिशी ओलांडतो, कार्यालयात कूलर असतो पण नवरीपर्यंत त्याचा वारा पोचतोच असं नाही. घामाने कापड अंगाला चिकटलं की कुठलाही घाट मोडतो. म्हणून उन्हाळ्यातल्या लग्नाला अस्तर सुतीच घ्या. चकचकीत साटनचं अस्तर दुकानात मऊ लागतं, दुपारी दोन वाजता नकोसं होतं.

कापड हातात धरून बघा

साडी हातात घ्या, एक टोक वर धरा आणि बाकीची मोकळी सोडा. सरळ खाली ओघळते की बाजूला फुगून उभी राहते? जॉर्जेट, क्रेप, शिफॉन ओघळतात, अंगाचा आकार जसा आहे तसा दाखवतात. ऑर्गन्झा आणि नव्या कोऱ्या कडक सिल्कच्या निऱ्या फुगतात, अंगाभोवती जागा तयार करतात. बारीक अंगाच्या मुलीला फुगणारं कापड भरलेपण देतं. भरल्या अंगाला ओघळणारं पण अगदी झिरझिरीत नसलेलं कापड बरं, जसं मऊ सिल्क. फार चकाकणारं कापड गोलाईवर उजेड पकडतं आणि तो भाग मोठा दाखवतं, हेही लक्षात असू द्या.

पैठणीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पैठण आपलं आहे आणि बहुतेक मुलींच्या बस्त्यात एक तरी पैठणी असतेच. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, पैठण आणि येवला ही तिची दोन मोठी गावं. हातमागाच्या पैठणीत पदराची नक्षी रंगीत बाणा एकमेकांत अडकवत विणलेली असते, त्यामुळे पदर उलटा केला तरी मोर, पोपट, कमळ तसेच दिसतात, मागे धागे लोंबत नाहीत. यंत्रमागाच्या सेमी पैठणीत बऱ्याचदा मागे सुटे धागे असतात. किमतीचा फरक तर आहेच, पण घाटाचाही आहे: त्या धाग्यांमुळे पदर जाड होतो, खांद्यावर नीट घडी धरत नाही, आणि बांगड्या, बाजूबंद त्यात अडकतात. सेमी पैठणी घेण्यात कमीपणा नाही, सगळ्यांना हातमागाची परवडत नाही. फक्त पदराची मागची बाजू हात फिरवून बघा, सुटे धागे कमी असतील ती निवडा.

पैठणीचा पदर जड असतो, तो खाली ओढतो. खांद्यावर चुण्या घालून पिन केला तर नारळी काठाची उभी रेघ खांद्यापासून खालपर्यंत जाते आणि अंग उंच, सडपातळ दिसतं. पदर मोकळा सोडला तर नक्षी पूर्ण दिसते, पण दंड आणि पोटाची बाजू झाकली जाऊन आकृती रुंद वाटते. उंच मुलीने खुशाल मोकळा सोडावा. कमी उंचीच्या मुलीने विधींना चुण्या घालाव्यात आणि फोटोपुरता पदर उलगडून हातावर घ्यावा. हातमागाची खास नक्षीची पैठणी विणकराकडून करून घ्यायची असेल तर नक्षीप्रमाणे काही आठवड्यांपासून कित्येक महिने लागतात. तारीख निघायची वाट न बघता, सुपारी फुटली की सांगून टाका.

काठ आणि पन्हा

गुडघ्यापासून जमिनीपर्यंतचं माप आता काढा. पाच फुटांच्या मुलीचं ते साधारण सोळा-सतरा इंच भरतं. दहा इंचांचा काठ त्यातला अर्ध्याहून जास्त भाग खातो, पाय तिथेच संपल्यासारखे वाटतात. माझा हिशेब असा: काठ या अंतराच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहून कमी हवा. म्हणजे ठेंगण्या मुलीला चार-पाच इंच, उंच मुलीला सहा-सात. साडीचा रंग आणि काठाचा रंग जवळचे असतील तर थोडा मोठा काठही चालून जातो. गर्द विरोधी रंगाचा काठ आकृती तिथल्या तिथे तोडतो.

आता पन्हा, म्हणजे साडीची रुंदी. ती साधारण चव्वेचाळीस ते अठ्ठेचाळीस इंच असते. कमरेपासून जमिनीपर्यंत सदतीस इंच भरणाऱ्या मुलीच्या कमरेत सात ते अकरा इंच कापड आत खोचलं जातं, वर निऱ्यांचा जाड थर येतो. पोट नसलेल्या मुलीला पोट दिसतं ते इथेच. उपाय सोपा आहे. साडीची वरची कड आधीच तेवढी आत दुमडून, वर सुती कापड ठेवून बेताच्या इस्त्रीने दाबून घ्या, म्हणजे गोळा न होता सपाट पट्टी तयार होते. निऱ्या खोचल्यावर आतलं कापड पंख्यासारखं पसरवा आणि बेंबीच्या खाली एक पिन लावा. कडक सिल्कला पाच-सहा रुंद निऱ्या पुरतात, बारीक निऱ्यांचा हट्ट धरला तर त्या समोर उभ्या राहतात.

उंच मुलींचं दुखणं बरोबर उलटं. साडेपाच फुटांच्या वरची मुलगी टाचांच्या सँडल घालून उभी राहिली की साधा पन्हा घोट्याच्या वरच राहतो. अशा मुलीने दुकानात टेप काढून पन्हा मोजूनच साडी घ्यावी. दुकानदार हसला तर हसू द्या.

परकर

यावर कोणी दोन मिनिटंही देत नाही. सुती परकर साडी धरून ठेवतो, साटनच्या परकरावरून ती घसरते. नाडीची गाठ समोर निऱ्यांखाली येऊ देऊ नका, बाजूला घ्या. त्याहून बरं म्हणजे पुढे सपाट पट्टी आणि बाजूला हूक. सीट भरलेली असेल तर सरळ कमी घेराचा परकर, अंग बारीक असेल तर सहा कळ्यांचा. हल्ली मिळणारा फिश कटचा (गुडघ्यापर्यंत घट्ट, खाली पसरणारा) परकर रिसेप्शनला उभं राहायला छान, पण पाटावर बसायला अजिबात घालू नका.

ब्लाउज: सगळा खेळ इथे

आजीच्या भाषेत झंपर. साडी पन्नास हजारांची असो की पाच हजारांची, ब्लाउज बिघडला की सगळं बिघडलं. बस्त्याच्या खर्चात त्याच्या शिलाईला सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी पैसे ठेवले जातात, हे मला फार खटकतं.

गळा दागिन्यांकडे बघून ठरवायचा. ठुशी किंवा चिंचपेटी गळ्याशी चिकटून बसते, तिला खाली मोकळी कातडी लागते, म्हणून पान गळा किंवा चौकोनी गळा. राणीहार, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ लांब असतात, त्या कापडावर पडतात, तिथे ब्लाउजवर जड काम नको. आणि विसरू नका, मंगळसूत्र लग्नातच गळ्यात पडणार आहे. बोट नेकवर ते नुसतं लोळत राहतं. मान आखूड असेल तर व्ही किंवा खोल यू, मान लांब असेल तर बंद गळाही खुलतो. मुंडावळ्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना लोंबणार, त्यामुळे चेहरा आपोआप थोडा लांबट दिसतो, हेही धरून चला.

आपल्याकडे वरमाला किती मोठ्या असतात ते माहीत आहेच. गुलाबाचा जाडजूड हार गळ्यात पडला की छातीवरचं सगळं आरी काम (आकडीच्या सुईचं भरतकाम) त्याखाली जातं. तेच पैसे बाह्यांवर आणि पाठीवर घाला. अंतरपाटासमोर उभी असताना पाहुण्यांना नवरीची पाठ आणि हातच दिसतात. मात्र अंबाडा किंवा वेणी कुठपर्यंत येणार ते पार्लरवालीला आधी विचारा, नाहीतर पाठीचं कामही केसांखाली झाकलं जाईल.

बाहीचा नियम एकच: दंडाच्या सगळ्यात रुंद जागी बाही संपवू नका. तिथे काठ आला की दंड आहे त्याहून रुंद दिसतो. त्या जागेच्या वर थांबा किंवा थेट कोपराशी जा. मला स्वतःला नवरीसाठी कोपरापर्यंतची बाही सगळ्यात आवडते, खालचा हिरवा चुडा मोकळा दिसतो. बाजूबंद घालायचा असेल तर माप देताना तो दंडावर बांधूनच द्या.

बेत कुठला? छाती भरलेली असेल तर कटोरी किंवा प्रिन्सेस कट अंग नीट सावरतो, साध्या चार टक्सच्या ब्लाउजपेक्षा कितीतरी चांगला. छाती बेताची असेल तर साधे टक्स आणि आत हलका पॅड पुरतो. आणि शिंप्याला एक गोष्ट निक्षून सांगा: दोन्ही बाजूंना भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या आत जास्तीचं कापड, सोडा. निदान दीड इंच. बस्ता ते लग्न या काळात नवरीचं अंग बदलतंच, कोणी धावपळीने वाळतं, कोणी केळवणं खाऊन भरतं. माया असेल तर दहा मिनिटांत उसवून पुन्हा टीप मारता येते. ती कापून टाकली असेल तर मग काहीच इलाज नाही.

नऊवारी

स्वतः नेसवणारी आजी किंवा मावशी घरात असेल तर शिवलेली घेऊ नका. नेसलेल्या नऊवारीत काष्टा अंगाप्रमाणे सैल-घट्ट करता येतो, पोटरीवरचा काठ हवा तिथे आणता येतो. शिवलेली घ्यायची झाली तर घालून मांडी घाला, उकिडवं बसा, जिना चढा. काष्ट्याखाली कापड ताणलं तर लगेच परत द्या. नऊवारीत परकर नसला तरी कमरेभोवती कापड बरंच जमा होतं, म्हणून भरल्या कमरेला पातळ, मऊ पोताची नऊवारी निवडा आणि वर अरुंद कमरपट्टा बांधा.

घागरा आणि गाऊन

रिसेप्शनला हल्ली घागरा असतोच. कळीदार किंवा ए-लाइन घेर जवळपास सगळ्यांना शोभतो: कमरेला सपाट, खाली हळूहळू रुंद. कॅन-कॅनची (घेर फुगवणारी कडक) जाळी कमरेपासून लावली तर उंची कमी असलेली मुलगी चौकोनी दिसते. ती गुडघ्याच्या थोडं वरून सुरू करायला सांगा. जड कामाचा घागरा दिवसभरात कमरेवरून खाली सरकतो आणि पायांत यायला लागतो. त्यासाठी आतून रुंद पट्टी आणि बाजूला दोन हूक हवेत, नुसत्या नाडीवर भिस्त ठेवू नका. घेण्याआधी तो घालून दुकानाच्या पायऱ्या चढून बघा. स्टेजलाही पायऱ्या असतात.

गाऊन घ्यायचा असेल तर मरमेडचा घाट, म्हणजे गुडघ्यापर्यंत घट्ट आणि खाली पसरलेला, फोटोत सुंदर येतो, पण त्यात वाकून पाया पडता येत नाही आणि आपल्या रिसेप्शनला पाया पडणं काही थांबत नाही. पोटाचा भाग झाकायचा असेल तर छातीखालून सुटणारा एम्पायर कट. बॉल गाऊनचा घेर स्टेजवरच्या दोघांच्या सोफ्यावर मावत नाही, नवरदेव कडेला सरकतो.

दुकानात गेल्यावर

दुकानातले लोक ड्रेसवरूनच साडी गुंडाळून कमरेला पट्टा बांधतात. खाली सलवार-कुर्ता असताना कोणीही जाडच दिसणार. म्हणून घरून नीट बसणारा एक ब्लाउज आणि परकर नेसूनच जा, वरून ओढणी घ्या. कार्यक्रमानुसार उंच सँडल पिशवीत ठेवा. फोटो काढणाऱ्याने मोबाइल छातीच्या उंचीवर धरावा. वरून काढला की पाय आखूड येतात. समोरून, बाजूने, मागून आणि गादीवर मांडी घालून बसलेला, असे चार फोटो काढा. दुकानातल्या पिवळ्या दिव्यांत रंग फसवतो, तेव्हा दारापर्यंत जाऊन दिवसाच्या उजेडात एकदा बघा.

मंडळी मोठी असेल तर "अगं घे की, रंग किती खुलतोय" असं चहूबाजूंनी सुरू होतं. त्यांचं प्रेम खरं असतं, त्यांना दुखवू नका. पण एका माणसाला, आईला किंवा मोठ्या बहिणीला, आधीच सांगून ठेवा की घाटाबद्दल शेवटचा शब्द तिचा. मामाकडची पिवळी साडी किंवा सासरचा शालू रीतीप्रमाणे ठरलेला असतो, रंगात आपलं चालत नाही. तिथेही काठाची रुंदी आणि पोत आपण नम्रपणे सुचवू शकतो. "मामी, काठ जरा बारीक बघाल का, मला शोभतो," एवढं म्हटलं तर कोणी नाही म्हणत नाही.

शेवटची फिटिंग

सराईत शिंप्यांकडे रांग असते, ब्लाउज लग्नाच्या निदान सव्वा-दीड महिना आधी टाका. शेवटची फिटिंग लग्नाच्या पाच-सहा दिवस आधी, लग्नात घालायची तीच अंतर्वस्त्रं घालून. हात वर करा, मिठी मारा, वाका, मांडी घाला, पोटभर पाणी पिऊन पुन्हा हूक लावून बघा. जरीवर पिन लावताना मागे कापडाचा छोटा तुकडा धरा, नाहीतर वजनाने जर फाटते. साडी नेसवणाऱ्या बाईला परकर कुठे बांधायचा, पदर किती लांब, निऱ्या किती, हे एका चिठ्ठीवर लिहून द्या, सोबत ट्रायलचा फोटो. चिठ्ठी, पिनांचा डबा, जास्तीचा परकर, सुई-दोरा आणि चार सुटे हूक एका पिशवीत घालून ती पिशवी करवलीकडे द्या.